फाइलीचे वतन

एका दूध संस्थेच्या कार्यालयात मला संगणकावरचे बिलाचे काम बघायला बोलावले होते. सचिवांनी संगणक सुरू करण्याआधी टेबलाच्या खणातून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर हळदकुंकू लावलेले होते आणि आत वेगवेगळ्या तारखांना, घाईच्या अक्षरात नोंदी केलेल्या होत्या. 'लाल अक्षरे आली तर १४१२ नंबरच्या ओळीतला आकडा एकने वाढवणे.' 'महिना ३१ चा असेल तर २०४ ची ओळ बंद करणे, पुढच्या बिलाला परत चालू करणे.' 'दिवाळीच्या बोनसला वेगळी फाइल. ती उघडली असताना जुनी उघडू नये.'

"हे काय आहे?" मी विचारले.

"त्याने फोनवर जे जे सांगितलं ते सगळं उतरवून ठेवलंय, सर," सचिव म्हणाले. "तो असतो बंगळुरूला. रात्री साडेनऊनंतर फोन उचलतो. पण आता नव्या नोकरीत लागलाय. त्याला तरी किती त्रास द्यायचा?"

'तो' म्हणजे गावातलाच एक मुलगा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना टाळेबंदीत घरी बसला होता, तेव्हा त्याने संस्थेसाठी पायथनमध्ये बिलाचा प्रोग्राम लिहून दिला. एक पैसा घेतला नाही. सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्या प्रत्येक उत्पादकाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) यांवरून दर काढायचा, पशुखाद्याची उधारी आणि उचल कापायची, दहा दिवसांचे बिल छापायचे. ज्या कामात दोन माणसांचे दोन दिवस जात ते अर्ध्या तासात होऊ लागले. गावाला त्याचे कौतुक होते आणि ते रास्तच होते.

सुरुवातीला तो प्रोग्राम दोन-अडीचशे ओळींचा असेल. मग म्हशीच्या दुधाचा दर त्यात आला, मग बोनस, मग शेअर्सची कपात, मग एका वर्षी मध्येच बदललेले दरपत्रक. जे जे नवे आले ते फाइलीच्या शेवटी जोडले गेले किंवा मध्येच कुठेतरी घुसवले गेले. मी पाहिली तेव्हा ती एकटी फाइल तीन हजार ओळींच्या पुढे गेली होती आणि तिच्याशेजारी तिच्याच सहा प्रती होत्या. 'बिल नवीन', 'बिल फायनल', 'बिल फायनल दोन', आणि शेवटी 'हीच वापरणे'.

हे सगळे बंद कसे पडले तेही सांगायला हवे, कारण त्यात विशेष असे काही नाही. विजेचा दाब वाढून जुना संगणक जळाला. नवा आणला. प्रोग्राम दुधाच्या नोंदी त्या मुलाच्या नावाच्या फोल्डरात, त्याच्या डेस्कटॉपवर शोधत होता, आणि ते नाव नव्या संगणकावर नव्हतेच. तेवढे फोनवर दुरुस्त झाले. पुढे लाल अक्षरे आली. प्रोग्राम पांडास या लायब्ररीवर उभा होता आणि नव्या संगणकावर साहजिकच तिची नवी आवृत्ती आली होती. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पांडास २.० मधून तक्त्याला तक्ता जोडण्याची 'अपेंड' ही सोय काढून टाकली आहे. आधीची आवृत्ती तशी पूर्वसूचना देत होती, पण ती वाचणार कोण? कुठल्या आवृत्तीवर हा प्रोग्राम चालतो हे कुठेच लिहून ठेवलेले नव्हते. मग गावातल्या दुसऱ्या एका होतकरू मुलाने हात घातला. दहा-दहा दिवसांचे टप्पे काढणारा भाग त्याने वेगळा केला, म्हणजे दिशा अगदी बरोबर होती, पण त्या फाइलीला नाव दिले 'कॅलेंडर'. पायथन बहुतेक मॉड्यूले शोधताना चालू प्रोग्रामच्या फोल्डरात आधी बघतो. पांडासच्या पोटात तारखांचे काम करणारी एक लायब्ररी आहे, तिला पायथनचे स्वतःचे कॅलेंडर हवे असते. तिच्या हाती या मुलाची फाइल पडली आणि होते तेवढेही थांबले. तो मुलगा दोन दिवस शोधत बसला. आपण फाइलीला नाव काय दिले याचा या बिघाडाशी संबंध असेल हे त्याच्या ध्यानात येण्याचे कारणच नव्हते.

त्या वेळचे बिल हाताने केले. पैसे सहा दिवस उशिरा मिळाले. घरखर्च दुधाच्या बिलावर चालतो त्या घराला सहा दिवस म्हणजे काय, हे गावाकडच्या वाचकाला सांगायला नको.

आपल्या मुलखात गावाचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात असे. कोणाची किती जमीन, किती सारा, किती बाकी, हे कुलकर्ण्याला ठाऊक. दप्तर मोडीत, ते त्याच्या घरी, आणि ते वाचणाराही तोच. शेतकऱ्याला आपल्याच शेताची माहिती विचारायला त्याच्या ओसरीवर जावे लागे. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या परावलंबनाचे वाभाडे काढले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. त्या घरांतला प्रत्येक माणूस लबाड होता म्हणून हे करावे लागले असे नाही. एक चांगला कुलकर्णी असला म्हणून गावाची अडचण सुटत नव्हती. हिशोब एकाच्या मुठीत असला की तो माणूस कसाही असो, बाकीचे सगळे त्याच्या दाराशी उभे राहतात.

रचना नसलेला, वाढत गेलेला प्रोग्राम हे आजचे वतन आहे. मी हा शब्द जपून वापरतो आहे. बंगळुरूच्या त्या मुलाला सत्ता नको होती. रात्री साडेनऊला थकून आल्यावर सचिवांचा फोन उचलणे यात त्याला कसला मोठेपणा? पण तीन हजार ओळींच्या त्या फाइलीचा नकाशा फक्त त्याच्या डोक्यात होता, म्हणून दीडशे घरांचे बिल त्याच्या फोनला बांधले गेले. तोही तिला बांधलाच गेला होता. वतनाने वतनदारही जागचा हलत नाही. आणि ज्यांना हे जाणूनबुजून हवे असते तेही मी पाहिले आहेत. आपल्यावाचून काम अडले पाहिजे या हिशोबाने कोड मुद्दाम एकात एक गुंतवून ठेवणारे आणि त्याला 'जॉब सिक्युरिटी' म्हणणारे. दोघांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण गावाच्या वाट्याला येते ते एकच.

म्हणून प्रोग्रामची मांडणी हा मला टापटिपीचा विषय वाटत नाही. आपल्यामागून येणाऱ्याला आपण आपल्या दाराशी उभा करणार की त्याच्या हाती दप्तर देणार, एवढा हा प्रश्न आहे.

त्या फाइलीचे तुकडे करायला बसलो तेव्हा पहिला मोह झाला तो कामाच्या क्रमाने तोडण्याचा: आधी वाचन, मग आकडेमोड, मग छपाई. सगळे असेच करतात. डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच एका छोट्या निबंधात दाखवून दिले होते की हा क्रम फसवा आहे. एकच प्रोग्राम त्याने दोन रीतींनी विभागून दाखवला आणि सांगितले की तुकडे पाडताना विचारावे ते हे: उद्या काय बदलण्याचा संभव आहे? जे एकत्र बदलेल ते एका जागी झाकून ठेवा, म्हणजे बदल आला तर एकाच दारातून येईल. दूध संस्थेत हा प्रश्न विचारायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. मी सचिवांनाच विचारला. ते क्षणभरही न थांबता म्हणाले, "दरपत्रक. ते कधी बदलेल देवाला ठाऊक. आणि कपाती. बाकी सगळं माझ्या वडलांच्या वेळेपासून तेच आहे."

झाली रचना. दर काढणारे एक मॉड्यूल, कपातींचे एक, नोंदी वाचणारे एक, बिल छापणारे एक. दरपत्रकाचे आकडे कोडातून पार बाहेर काढून साध्या तक्त्याच्या फाइलीत ठेवले, ती सचिव स्वतः उघडून बदलू शकतात. दर काढणाऱ्या मॉड्यूलला छपाईचा कागद केवढा हे माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. मध्ये एकदा दर आणि कपात ही दोन मॉड्यूले एकमेकांना इंपोर्ट करू लागली आणि पायथन अडून बसला. असे झाले की वैतागून इंपोर्टची ओळ इकडून तिकडे हलवू नये. दोन घरांना एकमेकांच्या स्वयंपाकघरातून जावे लागत असेल तर भिंतच चुकीच्या जागी आहे. आम्ही सामाईक असलेला उत्पादकाचा तपशील तिसऱ्या मॉड्यूलमध्ये नेला आणि गुंता सुटला. पांडास तर लागतच नव्हती. दीडशे खात्यांच्या बेरजेला पायथनबरोबर येते तेवढे पुरते. जी लायब्ररी तुम्ही आणलीच नाही तिची आवृत्ती तुमचे बिल कधीच अडवणार नाही.

आता मुख्य गोष्ट. नवा प्रोग्राम बरोबर आहे हे कशावरून? मागच्या तीन महिन्यांची छापील बिले काढली आणि नव्या प्रोग्रामच्या बिलांशी पैशापैशाने ताळा घ्यायला बसलो. नवा तक्ता मी दूध संघाच्या छापील दरपत्रकावरून उतरवला होता. जवळजवळ सगळे जुळले. काही ओळी मात्र जुळेनात, लिटरमागे तीस पैशांचा फरक. संस्थेत दुधाच्या नोंदी करणारी ताई माझ्या शेजारी बसून त्या ओळींवर पेन्सिलीने खुणा करत होती. तीच पहिल्यांदा म्हणाली, "सर, हे सगळे बरोबर चार पॉइंट शून्य फॅटवालेच आहेत."

जुन्या फाइलीत दराची एक लांबलचक शिडी होती: फॅट इतक्यापेक्षा जास्त असेल तर हा दर, नाहीतर तो. बाकी सगळ्या पायऱ्यांवर 'इतके किंवा जास्त' असे होते. एका पायरीवर फक्त 'जास्त' होते. 'बरोबर'चे चिन्ह तेवढे राहून गेलेले. त्यामुळे ज्याच्या गाईचे दूध नेमके ४.० फॅटचे लागे त्याला खालच्या पायरीचा दर मिळे. तीन हजार ओळींत ते चिन्ह तीनएक वर्षे कोणाला दिसले नाही. दिसणार कसे? ती फाइल वाचायला तिच्या कर्त्याखेरीज कोणी बसतच नव्हते, आणि तो बंगळुरूला. दिवसाला चार लिटर दूध घालणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या नावापुढे त्या तीन महिन्यांत अशा अकरा खुणा होत्या. सचिवांनी विषय संचालक मंडळापुढे ठेवला आणि जुनी बिले काढून फरकाची रक्कम पुढच्या बिलात चुकती केली. हे त्यांनी केले याचा मला फार आदर वाटतो.

गुंतलेला कोड ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे असे म्हणणाऱ्यांना मी त्या अकरा खुणा दाखवीन. अंधारात चूक टिकते. कोणाची नियत खराब नव्हती आणि तरी गरिबाचे पैसे जात होते.

उरले पॅकेज. पायथनवाले 'पॅकेज करणे' म्हणतात तेव्हा अनेकांच्या डोळ्यांपुढे जगासाठी लायब्ररी प्रसिद्ध करणारे मोठे लोक येतात. वास्तविक अर्थ साधा आहे: हा प्रोग्राम परक्या संगणकावर, कर्त्याला न विचारता बसवता आला पाहिजे. यासाठी एक साधी मजकुराची फाइल लागते, पायप्रोजेक्ट डॉट टॉमल. तीत नाव, आवृत्ती, कुठला पायथन लागतो, कुठल्या लायब्रऱ्या आणि कुठल्या आवृत्तीपासून, कर्ते कोण, कुठली आज्ञा दिली की प्रोग्राम सुरू होतो. जमिनीला जसा सातबारा, तशी प्रोग्रामला ही फाइल.

ही सोय सहजासहजी झाली नाही. पायथनमध्ये पॅकेज बांधण्याचे पहिले अधिकृत साधन, डिस्टयुटिल्स, २००० साली आले. पॅकेजे ठेवण्याचे सामाईक कोठार, पायपीआय, २००३ मध्ये उभे राहिले. सेटअपटूल्स २००४ चे, पिप २००८ चे. पण या काळात पॅकेजची माहिती असायची सेटअप डॉट पाय नावाच्या फाइलीत, आणि ती फाइल स्वतःच एक प्रोग्राम होती. पॅकेजला काय काय लागते हे जाणायला ती चालवावी लागे, आणि ती चालायलाच अनेकदा जे लागे ते आधी बसवलेले असावे लागे. दप्तरात काय लिहिले आहे ते कुलकर्ण्याच्या तोंडूनच ऐकायचे, तसाच हा प्रकार. २०१६ च्या पेप ५१८ या प्रस्तावाने पायप्रोजेक्टची फाइल आली. नाव, आवृत्ती, अवलंबने तीत कशी लिहायची हे २०२० च्या पेप ६२१ ने ठरवले. आता कोणीही ती उघडून वाचू शकतो, काही चालवावे लागत नाही. आणि ज्याने वाट दाखवली ते डिस्टयुटिल्स पायथन ३.१२ मधून, २०२३ मध्ये, काढून टाकले गेले. आपलेच जुने घर स्वतः उतरवायला धैर्य लागते.

त्याहून मोठे धैर्य पायथनच्या जनकाने दाखवले. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये ही भाषा जगापुढे ठेवली आणि भाषेबाबतचा अखेरचा शब्द कित्येक वर्षे त्यांचाच होता. त्यांच्या पदाचे नावच तहहयात होते. जुलै २०१८ मध्ये त्यांनी ते सोडले, मागे वारस नेमला नाही, आणि पुढची व्यवस्था सहकाऱ्यांनी ठरवावी असे सांगितले. २०१९ च्या सुरुवातीपासून पाच जणांचे निवडून आलेले मंडळ तो कारभार पाहते. भाषा थांबली नाही. जी भाषा आपण रोज लिहितो तिच्या कर्त्याने आपले वतन आपल्या हाताने सोडले, आणि आपल्याला एका बिलाच्या फाइलीवरची मूठ सैल करता येत नाही?

दूध संस्थेत आम्ही सगळा कोड एसआरसी नावाच्या फोल्डरात, म्हणजे एक पायरी आत ठेवला. नवख्याला हे निरर्थक वाटते. तसे न केल्यास पायथन शेजारचेच फोल्डर उचलतो आणि आपण 'बसवलेला' प्रोग्राम तपासतो आहोत असा भ्रम होतो. आम्ही मोकळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पॅकेज बसवले तेव्हा बिलाच्या छपाईचा नमुना पॅकेजमध्ये आलाच नव्हता. माझ्या संगणकावर सगळे चालत होते, कारण तो नमुना माझ्या फोल्डरात पडलेला होता. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य आपल्या धंद्यात दिवसातून दहा वेळा ऐकू येते. ते बोलणाऱ्याने एकदा कोऱ्या संगणकापुढे बसून बघावे.

कोणी म्हणेल, वीस ओळींच्या लहानशा कामाला एवढा संसार कशाला? खरे आहे, नको. एकट्यासाठी, एकदाच चालवायचे काम एका फाइलीत राहू दे. माझी रेघ एवढीच आहे: त्या प्रोग्रामवर दुसऱ्या कोणाचे पोट, वेळ किंवा पैसा अवलंबून राहू लागला त्या दिवशी तो तुमचा एकट्याचा उरला नाही. ओळी किती हे मोजू नका, त्यावर माणसे किती अवलंबून आहेत ते मोजा.

उलट टोकाचा रोगही आहे, आणि तो शिकलेल्यांत अधिक. कुठून तरी तयार साचा उचलायचा, चौदा फोल्डर करायचे, प्रत्येकात दोन ओळींची फाइल, आणि कुठेच काय ठेवावे ते कळेना म्हणून 'युटिल्स' नावाच्या फाइलीत सगळा केर लोटायचा. हे कर्मकांड आहे. पळी-पंचपात्र मांडले म्हणून मन शुद्ध होत नाही. ज्या भिंतीचे कारण सांगता येत नाही ती बांधू नये.

त्या मुलाशी मी फोनवर बोललो. ४.० ची गोष्ट ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. चार वर्षांत माझा कोड दुसऱ्या कुणी एकदाही चालवून बघितला नाही." मी तेव्हापासून या वाक्याशी झगडतो आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे ब्लॅक बुक बांधून घेतात, सोनेरी अक्षरांत नावे छापतात. परीक्षक पडद्यावर चित्रे बघतात, दोन प्रश्न विचारतात, आणि तो प्रोग्राम त्या संध्याकाळी मरतो. पुढच्या वर्षी नवी मुले तोच विषय शून्यापासून लिहितात. माझी प्राध्यापकांना हात जोडून विनंती आहे. प्रोजेक्टचे निम्मे गुण खालच्या वर्षाच्या मुलांच्या हाती द्या. त्यांनी तो प्रोग्राम कर्त्याला एक शब्द न विचारता कोऱ्या संगणकावर बसवावा, चालवावा आणि त्यात एक लहान बदल करून दाखवावा. जमले तर गुण. याला पैसे लागत नाहीत, नवा अभ्यासक्रम लागत नाही, कोणाची परवानगीही बहुधा लागत नाही. चार वर्षांत एकदा जरी मुलाला दुसऱ्याच्या अडाणी कोडापुढे हतबल बसावे लागले, तर तो स्वतःचा कोड पुन्हा तसा लिहिणार नाही.

संस्थेतल्या ताईंनी कॉमर्स केले आहे. पायथनशी त्यांचा संबंध नव्हता. दराचे मॉड्यूल सत्तर ओळींचे झाल्यावर त्यांनी ते छापून घेतले आणि दुपारी दूध यायच्या आधीच्या रिकाम्या वेळात वाचू लागल्या. अडले की फोन करत, पण 'काय बदलू' असे विचारायला नव्हे, 'हे असं का' असे विचारायला. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"सर, म्हशीच्या तक्त्यात नऊ पॉइंट सहाचा दर नऊ पॉइंट पाचपेक्षा कमी आहे. असं होईलच कसं?"

तो तक्ता मी उतरवला होता. दोन अंक माझ्याकडून उलटे पडले होते. ताळ्याच्या तीन महिन्यांत ९.६ फॅटचे दूध एकदाही आले नव्हते, म्हणून बिले बिनबोभाट जुळली होती. मी आकडा दुरुस्त करायला सांगितले. त्यांनी तो आधीच केला होता. शिवाय, तक्ता वाचताना फॅट वाढले आणि दर कमी झाला तर प्रोग्रामने तिथेच थांबून ती ओळ दाखवावी, अशी चार ओळींची तपासणी त्यांनी स्वतः लिहिली होती आणि तिची टेस्टही. टेस्ट एकदा मुद्दाम चुकवून पाहिली होती.

"आवृत्ती ०.३.० केली, चालेल ना?" त्यांनी विचारले.

चालेल म्हणालो. पायप्रोजेक्टच्या फाइलीत कर्त्यांची ओळ आहे. तीत पहिले नाव बंगळुरूच्या मुलाचे होते, दुसरे माझे. तिसरे ताईंनी लिहावे असा मी आग्रह धरला. एक दिवस त्या तयार नव्हत्या. मग सचिवांनी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली आणि त्या टाइप करेपर्यंत तिथेच बसून राहिले.